वणवा

रानात, माळावर किंवा डोंगरउतारावर लागून आवरेनाशी झालेली आग म्हणजे वणवा. संस्कृतात याला दावानल म्हणतात. महाराष्ट्राचा वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. सह्याद्रीत आणि कोकणात मात्र गवत डिसेंबरातच पिवळे पडते, त्यामुळे जानेवारीतल्या आगीही नेहमीच्याच आहेत.

बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असे अजूनही सांगितले जाते. इथल्या रानांत आग लागते ती जवळजवळ नेहमीच माणसाच्या हातून, कधी मुद्दाम तर बहुतेक वेळा हयगयीने. विजा कडाडतात त्या वळवाच्या पावसाबरोबर, म्हणून त्यांनी पेटलेली आग फारशी पसरत नाही. आग माणूसच लावतो, तेव्हा ती टाळणेही त्याच्याच हाती आहे. मात्र ती तयारी एप्रिलात आग झोडपायला डहाळी हातात घेऊन होत नाही, दिवाळीनंतर विळा हातात घेऊन करावी लागते.

आपल्याकडचे वणवे बहुतेक जमिनीलगतचे असतात. जळतो तो पाचोळा, गवत आणि झुडपे. शेंड्याशेंड्यांवरून धावणारी आग पानझडीच्या रानात क्वचितच दिसते. सागाची पाने मोठी असतात आणि वाळून वळतात. त्यांच्या थरात हवा खेळती राहते, त्यामुळे तो थर भराभर पेटतो. कुसळीचे गवत त्याहून वेगाने जळते. घाणेरी आणि रानमोडी माजलेली असेल तर जमिनीवरची ज्वाला त्यांच्यावरून झाडाच्या खालच्या फांद्यांपर्यंत चढते. जून सागाची साल आग सोसते. रोपटी मात्र दर वर्षी जमिनीपर्यंत जळतात, पावसाळ्यात पुन्हा फुटतात आणि पुन्हा जळतात, त्यामुळे वरून हिरव्या दिसणाऱ्या रानात तरणे झाडच सापडत नाही. टिटवी, तित्तर, चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात, तीही यात जातात. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या जोरदार पावसात ओढ्याला लागते.

उताराचा हिशेब डोक्यात पक्का असावा. चढाच्या दिशेने जाणाऱ्या आगीचा वेग दर १० अंश चढाला साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाला वरच्या गवताकडे कललेली असते आणि ते आधीच तापवून वाळवते. कोकणात दुपारी समुद्रावरून येणारा वारा आणि तापलेल्या उतारावरून वर चढणारा वारा एकाच दिशेने वाहतात. पायथ्याच्या शेतात दुपारी बाराला लागलेली काडी म्हणूनच संध्याकाळपर्यंत कड्याखालच्या रानात पोचलेली असते.

कारणे

मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात मोहफुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात दिसावीत म्हणून झाडाखाली आग लावली जाते आणि मागे वळून न पाहिल्यास ती रानात शिरते. झाडाखालची जागा झाडून घेणे किंवा जाळी अंथरणे हा यावर साधा उपाय आहे. जाळीवर पडलेल्या फुलांना माती लागत नाही आणि मालही स्वच्छ राहतो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून रान पेटवतात, पण झुडपे बुंध्याशी छाटली तरी तशीच पालवी येते. आग्या मोहोळ काढताना मशालीच्या ठिणग्या खाली पडतात. याशिवाय शेताचे धुरे व बांध जाळणे, उसाचे पाचट आणि कापसाच्या पऱ्हाट्या पेटवणे, गडावर मुक्काम करणाऱ्यांची अर्धवट विझलेली चूल, रस्त्याकडेला फेकलेली विडी, झोल पडलेल्या वीजतारांची ठिणगी हीही कारणे आहेतच. होळी पौर्णिमा नेमकी याच हंगामात येते, तेव्हा होळीची जागा गवताळ माळापासून आणि गंजींपासून दूर असावी.

‘जुने जाळले की नवे गवत चांगले येते’ ही समजूत चिवट आहे. जळलेल्या जागी कोवळे कोंब लवकर डोळ्यांत भरतात हे खरे. पण ते गवत कापून गोठ्यात आणले असते तर जनावरांना उन्हाळाभर पुरले असते.

राब आणि भाजावळ

भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याला ठाणे, रायगड, मावळ भागांत राब म्हणतात, तर दक्षिण कोकणात भाजावळ. ही हयगय नसून पिढ्यांची शेतीरीत आहे. नीट केलेला राब वणवा होत नाही, म्हणून ती रीत बारकाईने सांगण्याजोगी आहे. तळाला शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर झाडांची वाळलेली कवळ म्हणजे छाटलेल्या डहाळ्या, मग पातेरा (पाचोळा) व गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. या मातीमुळे राब भडकत नाही, धुमसतो. खालची जमीन तापून तणांचे बी मरते आणि राख जागीच राहते. पेटवायचा तो वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकावे लागते.

चुका ठरलेल्या आहेत. मातीचा थर द्यायचा राहतो, वाऱ्याच्या बाजूने काडी लावली जाते किंवा राबाला लागूनच बांधावरचे वाळके गवत असते. पेटवण्याआधी चारही बाजूंनी निदान ३ मीटर जागा खरडून काढावी. पाण्याचे दोन-तीन हंडे, फावडे आणि ओल्या डहाळ्या हाताशी ठेवाव्यात. शेजारच्या शेतकऱ्याला आधी सांगावे आणि एकट्याने कधीच पेटवू नये. वेळ पहाटेची धरावी. तेव्हा दव असते, वारा पडलेला असतो आणि दुपारचा वारा सुटण्याआधी कडेचे निखारे मातीने बुजवता येतात. संध्याकाळी लावलेला राब सकाळी वरून गार दिसतो; दुपारी त्याच राखेतून निखारा उडतो. झाडांच्या पानांचा सळसळाट थांबत नसेल, तर त्या दिवशी काडी खिशातच राहू द्यावी.

जाळरेषा

आग अडवण्यासाठी आधीच मोकळा केलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. रानाची हद्द, रस्ता, विभागाची सीमा यांनुसार तिची रुंदी ३ ते १२ मीटर ठेवतात. गवत पूर्ण वाळण्याआधी पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून घेतात, मग मधले गवत वाळले की सकाळी माणसे उभी करून ते जाळतात. हे काम १५ फेब्रुवारीपूर्वी संपले पाहिजे. सागाच्या रानात पानगळ चालूच राहते, त्यामुळे झाडलेली रेषा काही दिवसांत पुन्हा पाचोळ्याने भरते. हवेच्या झोताने पाचोळा उडवणाऱ्या ब्लोअरने ती फिरून फिरून साफ करावी लागते. आंबा-काजूच्या बागेभोवती १५ ते २० फुटांचा पट्टा पुरेसा उपयोगी पडतो. कापलेले गवत मात्र त्यातच पडू दिले तर सारी मेहनत वाया जाते, कारण आग त्याच गवतावरून बागेत येते.

कायदा आणि सूचना

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा वनाला धोका होईल अशी आग जळती सोडणे गुन्हा आहे. आग मुद्दाम किंवा घोर हयगयीने लागली, तर शासन त्या वनातले चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. एकाच्या काडीची किंमत अशी अख्ख्या गावाला मोजावी लागते. कलम ७९ प्रमाणे वनात हक्क असलेल्यांवर आगीची खबर देण्याचे आणि ती विझवायला मदत करण्याचे बंधनही आहे.

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर पाठवते. कोणालाही त्यासाठी नाव नोंदवता येते. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो, त्यामुळे दोन तासांत गवत संपवून विझलेली आग त्याला दिसतही नाही. धूर दिसताच १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवावे. ठिकाणाबरोबर वारा कुठे वाहतो, पुढे वस्ती आहे का आणि गाडी कुठवर जाते, हेही सांगावे.

विझवणे

आग पुढून अडवायची नसते. जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर उभे राहून, शेपटाकडून म्हणजे आगीच्या मागच्या टोकाकडून दोन्ही कडांनी ती चेपत पुढे जायचे. ओली डहाळी उंचावून आपटली तर ठिणग्या उडतात. ती ज्वालेवर दाबून जळक्या बाजूकडे ओढावी. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. आगीच्या वरच्या उतारावर किंवा घळीत कधीही थांबू नये. तमिळनाडूत कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी वणव्यात अडकलेल्या पदभ्रमण करणाऱ्यांपैकी वीसहून अधिक जण दगावले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आणावी लागली. अशी मदत क्वचित मिळते. एरवी सारी भिस्त आगीवर पहारा ठेवणारे फायर वॉचर आणि गावकरी यांच्यावर असते.

ज्वाला विझली म्हणजे आग विझली असे नाही. वाळका बुंधा आतून दोन-दोन दिवस धुमसतो, त्याच्या मुळांतून निखारा जमिनीखाली सरकतो आणि ऊन तापल्यावर काठाबाहेरच्या गवतात ठिणगी पडते. जळक्या पट्ट्याच्या काठालगतचा प्रत्येक बुंधा, लाकूड आणि शेणाची पोवटी उलटून पाहावी. पाणी नसेल तर फावड्याने फोडून माती घालावी, ढवळावी, पुन्हा घालावी. मग हाताची पालथी बाजू जवळ नेऊन पाहावे. धग लागली तर पहारा उठवू नये आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटण्याच्या वेळी त्याच काठावरून पुन्हा एक फेरी मारावी.