हाताने रंगवलेली जुनी प्राणी-वनस्पतींची छापचित्रं

कॅमेरा यायच्या आधी युरोपात झाडं, पक्षी, किडे यांची जी पुस्तकं निघायची त्यातलं चित्र आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, मग कागदावर छापायचे आणि वाळलं की एकेका कागदावर ब्रशने वॉटरकलर भरायचे. रेषा छापलेली पण रंग हाताचा, म्हणून एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर पोपटाचा हिरवा तंतोतंत जुळत नाही आणि हीच त्यातली खरी मजा.

कोरायचं उलटं, आरशात दिसतं तसं. पत्र्यावर शाई चोळून वरवरची पुसून टाकायची, खाचेत उरलेली शाई दाबाखाली ओलसर कागदावर उतरते. हे तंत्र आपल्याकडेही होतं, मिरजेत १८०५ साली भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरूनच छापली होती. पुढे शिळाछाप (दगडावरून छपाई) आली, तरी रंग बराच काळ हातानेच भरायचे. लंडनचं झाडाफुलांवरचं 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन' १७८७ ला सुरू झालं आणि त्यातली चित्रं थेट १९४८ पर्यंत हाताने रंगवायचे! रंगवणारे समोर एक नमुना ठेवून दिवसभर तेच करायचे, त्यात बायका आणि मुलंही असायची, आणि कागदावर चित्रकाराचं नाव असतं, कोरणाऱ्याचं असतं, यांचं नसतं, हे मला फार लागतं.

ठाणे-नवी मुंबईकरांनी पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबन याचा फ्लेमिंगो जरूर बघावा. त्याच्या अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या पुस्तकात ४३५ चित्रं, १८२७ ते १८३८ मध्ये छापलेली, सगळे पक्षी खऱ्या मापाचे, आणि कागद जेमतेम मीटरभर उंच म्हणून फ्लेमिंगोची मान खाली वाकवून बसवलीय. पण ऐरोलीला खाडीत बोटीतून बघितलेत ना, चिखलात डोकं उलटं घालून खाणारे, तसाच वाटतो तो. रंग मात्र भडक लालसर आहे, ती चूक नाही, तो अमेरिकन फ्लेमिंगो. आपल्याकडे जास्त करून लेसर (लहान) आणि थोडे ग्रेटर (मोठे) फ्लेमिंगो येतात, ते फिकट.

आपल्या जवळचं म्हणजे मलबारच्या झाडांचं पुस्तक 'हॉर्टस मलाबारिकस', कोचीच्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने करून घेतलेलं, १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला १२ खंडात छापलेलं. चित्रं मुळात रंगाशिवायची, पण झाडाचं कोकणी नाव चक्क नागरीत कोरलंय! माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण होते आणि त्यांची नावं पुस्तकात आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या (भारताचा पूर्व किनारा) झाडांच्या पुस्तकात (१७९५ पासून, ३०० चित्रं) मूळ चित्रं भारतीय चित्रकारांची, पण छापलेल्या चित्रांवर त्यांची नावं नाहीत.

अस्सल ओळखायचं तर भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली की नवीन ऑफसेट छपाई. खऱ्या कोरीव प्रिंटमध्ये सलग रेषा, रंग कुठे कुठे रेषेबाहेर गेलेला, आणि कडेने पत्र्याचा दाबलेला चौकोन, तोही कागद कापला असेल तर मिळत नाही. नंतर कोणी रंगवलंय का हे ओळखणं अवघड, कारण साध्या प्रिंट रंगवून जास्त भावात विकायची सवय जुनीच आहे. विकत मिळतात त्या सुट्या प्रिंट बहुतेक पुस्तकं फाडून काढलेल्या असतात, अख्खं पुस्तक हाती आलं तर कृपा करून फाडू नका.

आपल्या पावसाळी हवेत कागदावर तपकिरी डाग पडतात आणि कसर लागते, तेव्हा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, थेट उन्हात तर नकोच, मागे ॲसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेला पुठ्ठा) घाला आणि काच कागदाला टेकू देऊ नका. लॅमिनेशन अजिबात नाही, ते परत निघत नाही.