‘हू’ उशिरा आला : माणूस आणि त्याने केलेलं काम जोडणाऱ्या इंग्रजी वाक्यांची पार्श्वभूमी

इंग्रजीत ‘जो-जी-जे’ म्हणायचं तर माणसांना ‘हू’, वस्तूंना ‘विच’, आणि ‘दॅट’ दोन्हीकडे चालतो पण माणसांना शक्यतो नको, हे सगळ्यांनी शाळेत घोकलेलं आहे, ते परत सांगत बसत नाही. पण या तिघांत ‘हू’ सगळ्यात उशिरा या कामावर आला, आणि ज्या ‘दॅट’ला आज माणसांच्या बाबतीत खालच्या पायरीवर बसवतात त्याने हे काम शेकडो वर्षं जवळजवळ एकट्याने ओढलंय, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

अगदी जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११०० च्या आधीच्या, ‘जो’ च्या जागी ‘थे’ असा एक छोटासा शब्द होता. लिंग, वचन, विभक्ती कशानेच तो बदलायचा नाही. सोबतीला ‘तो-ती-ते’ ची रूपं असायची, कधी दोन्ही एकत्र. ‘हू’ तेव्हाही भाषेत होताच, पण ‘कोण’ विचारायला नाहीतर ‘कुणीतरी’, ‘कुणीही’ म्हणायला. पुढे ‘थे’ झिजून गेला आणि त्याची जागा ‘दॅट’ने घेतली, मग माणूस असो, घोडा असो नाहीतर दगड.

आता दॅटची पंचाईत अशी की त्याला षष्ठी नाही आणि त्याच्या आधी टू, विथ, फ्रॉम असलं काही लावता येत नाही. मग ‘ज्याचा’, ‘ज्याच्याकडून’ म्हणायचं कसं? म्हणून ‘हूज’ आणि ‘हूम’ ही रूपं आधी कामाला लागली, आणि कर्त्याच्या जागी दॅट छान बसलेला असल्यामुळे खुद्द ‘हू’ची कुणाला गरजच पडली नाही. तो नीट दिसायला लागतो पंधराव्या शतकात, आणि तोही कुठे तर पत्रांच्या शेवटच्या ओळीत, ‘देव, जो तुम्हाला सुखरूप ठेवो’ या छापाच्या ठरलेल्या समारोपात. म्हणजे आधी देवासाठी आणि मग हळूहळू माणसांसाठी. लिहिणाऱ्या लोकांना लॅटिन आणि फ्रेंचमधल्या ‘जो’ ची सवय होती, त्याचाही हातभार असणार. थोडक्यात हा शब्द वरून खाली आला, लिहिण्यातून आला, आणि म्हणूनच इंग्लंडच्या जुन्या बोलींत तो कधी फारसा रुजला नाही. तिथे ‘द मॅन व्हॉट डन इट’ (ज्याने हे केलं तो माणूस), ‘देम ॲज नोज’ (ज्यांना माहीत आहे ते), ‘दॅट’ नाहीतर सरळ काहीच नाही असा कारभार. शुद्धलेखनवाले याला गावंढळ म्हणतात, पण वयाने दॅट हूपेक्षा मोठा आहे हे विसरतात.

१६११ च्या इंग्रजी बायबलात हा सगळा गोंधळ एकाच पानावर सापडतो. त्यातल्या मॅथ्यूच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात शोक करणारे ‘दे दॅट मोर्न’ आहेत, आणि दोनच ओळींनंतर भुकेले लोक ‘दे विच डू हंगर’. माणसंच दोन्हीकडे, आणि त्यांना विच लावताना कुणाला काही वावगं वाटलेलं नाही. जॉनच्या पुस्तकात ‘ही दॅट हॅथ सीन मी हॅथ सीन द फादर’ आहे, म्हणजे ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. माणूस, त्याने केलेली गोष्ट आणि दॅट, एकदम फिट. आणि रोजच्या प्रार्थनेत तर देवालाच विच, ‘आवर फादर विच आर्ट इन हेवन’.

खरी भानगड पुढच्या शतकात झाली, आणि मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात मजेदार कागद तोच आहे. मे १७११ मध्ये लंडनच्या एका लोकप्रिय नियतकालिकात एक अर्ज छापून आला. अर्जदार दोन, ‘हू’ आणि ‘विच’. तक्रार अशी की आम्ही जुन्या घराण्यातले, आणि हा दॅट नावाचा उपटसुंभ येऊन आमच्या जागा बळकावतोय. पार्लमेंटमध्ये तोच, कोर्टात तोच, आम्हाला कुणी विचारत नाही. वर आणखी एक तक्रार की मुलांना शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या प्रार्थनेतच आमचा चुकीचा वापर होतो, तिथे विच नको, हू पाहिजे. थोड्याच दिवसांत त्याच नियतकालिकात दॅटचं उत्तरही आलं, ज्यात दॅट ओळीने इतक्या वेळा येतो की वाक्य मोठ्याने वाचताना जीभ अडखळते, आणि तरी ते ग्रामरमध्ये बसतं.

सगळा विनोदाचा मामला. पण यातला इतिहास पार उलटा आहे, घरचा जुना मालक दॅट होता आणि पाहुणे हे दोघे. लिहिणाऱ्याला ते माहीत असेल-नसेल, छापलेल्या सुशिक्षित गद्यात हू-विच इतके मुरले होते की ते जुने वाटायला लागले होते एवढं नक्की. आणि अर्जातली अर्धी मागणी त्या शतकात मान्यही झाली. माणसांसाठीचा विच उठला, ग्रामरच्या पुस्तकांनी हू माणसांना आणि विच वस्तूंना अशी वाटणी करून दिली, आणि १७८९ च्या अमेरिकन प्रार्थना-पुस्तकात ‘आवर फादर हू आर्ट’ असं छापलं गेलं. इंग्लंडमध्ये मात्र १६६२ चं जुनं प्रार्थना-पुस्तक वापरणाऱ्यांच्या तोंडी विचच राहिला.

दुसरी अर्धी मागणी, म्हणजे माणसांवरून दॅटला हाकला, ती आजपर्यंत लोंबकळते आहे. ‘द पीपल दॅट डिड धिस’ लिहिलं की लाल पेन बाहेर काढणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की दॅट म्हटल्याने माणसाची वस्तू होते. ऐकायला भारी वाटतं, पण एवढ्या शतकांच्या छापील इंग्रजीकडे बघितलं तर याला काही बुड नाही. ज्या भाषेत पित्याला पाहणारा माणूसही दॅट होता तिथे अपमान कुठून आला? आता मुलाखतीचा अर्ज किंवा परीक्षेचा पेपर असेल तर हूच लिहा, उगाच वाद कशाला, पण ते सोयीसाठी. १९२६ च्या एका गाजलेल्या वापर-कोशाने दॅट आणि विचची वेगळीच वाटणी सुचवली, दॅट आवश्यक माहितीला आणि विच जादा माहितीला, आणि चांगले लेखकही असं लिहीत नाहीत हे त्या लेखकाने स्वतःच कबूल केलं होतं. तरी अमेरिकेतल्या संपादकांनी तो नियम उचलला आणि पुढे कॉम्प्युटरच्या ग्रामर-चेकनेही, मग विचखाली नागमोडी रेघा यायला लागल्या.

हे झालं जोडणाऱ्या शब्दाचं. क्रियापदाकडेही बघायला हवं, कारण माणसाने आधी काय केलं हे सांगायचं तर काळ कुठला हा प्रश्न येतोच. पूर्वी येणं-जाणं अशा क्रियापदांना ‘हॅज’ऐवजी ‘इज’ लागायचं, ‘ही इज कम’, ‘ही इज गॉन’. त्यातलं गॉन अजून शिल्लक आहे, बाकीचं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हॅवने खाल्लं. आणि ‘हॅड’चा तर क्लासेसनी नुसता पाऊस पाडलाय, आधीची क्रिया दिसली की मार हॅड. ‘द मॅन हू स्टोल द कार वॉज अरेस्टेड’ यात चोरी आधी आणि अटक नंतर हे शेंबडं पोरही सांगेल, तिथे हॅड स्टोलन चुकत नाही पण लागतही नाही. क्रम उलटा समजायची भीती असेल तिथेच ते खरं उपयोगी.

कॉमा मात्र महागात पडतो. ‘द पॅसेंजर्स हू जम्प्ड सर्व्हाइव्ड’ म्हणजे ज्यांनी उड्या मारल्या तेवढे वाचले, बाकीच्यांचं काय झालं देव जाणे. तेच ‘हू जम्प्ड’च्या दोन्ही बाजूंना कॉमा दिले की सगळ्यांनीच उड्या मारल्या आणि सगळेच वाचले. शब्द तेच, माणसं किती मेली हे कॉमा ठरवतो. बोलताना हेच काम आवाजातली थांबणी करते. दॅटला हे दोन-कॉमांचं काम आज जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे जादा माहितीपुरता हू बिनविरोध निवडून आलेला आहे.

याहून मोठी गंमत तर्कशास्त्रवाल्यांनी पकडली. १८९२ मध्ये एका जर्मन तर्कशास्त्रज्ञाने उदाहरण दिलं की ज्याने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे शोधलं तो हालात मेला. आता हे वाक्य नाकारा, म्हणा की तो हालात मेला नाही, तरी असा शोध कुणीतरी लावला हे तसंच उभं राहतं. ‘जो’ च्या आत घातलेली गोष्ट नकारालाही दाद देत नाही. ‘द मॅन हू स्टोल द कार डिड नॉट रन अवे’, पळाला नाही बरं का, पण चोरी तर झालीच आणि ती त्यानेच केली. माणसाची ओळख करून देता देता वाक्याने निकालही देऊन टाकला.

म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांत खटला चालू असताना ‘हू’च्या लगेच नंतर ‘अलेजेडली’ (कथितरीत्या) येतं, आणि ते ‘हू’ने सुरू होणाऱ्या तुकड्याच्या आतच लागतं, बाहेर, ‘वॉज अरेस्टेड’ला जोडून टाकलं तर अटकच कथित होऊन बसते आणि चोरी पक्की राहते. सावध उपसंपादक तर हू-दॅटच्या वाटेलाच जात नाहीत, ते ‘अ मॅन अक्यूज्ड ऑफ स्टीलिंग अ कार’ असं लिहितात. आपल्या ‘आरोप झालेला माणूस’ सारखीच ही रचना, ‘जो’ गाळून नुसतं भूतकाळी रूप ठेवलेलं. यात झालेली गोष्ट फक्त आरोप, आणि ती केली आरोप करणाऱ्यांनी, त्या माणसाने काय केलं यावर वाक्य काहीच बोलत नाही.