रूफटॉप एसी: माप बदललं, मग यंत्र बदललं

अमेरिकेतली दुकानं, शाळा, बसक्या ऑफिस इमारती बहुतेक ठिकाणी छतावरच्या एकाच पेटीने थंड होतात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा), बाहेरची हवा घेणारा डॅम्पर (उघडझाप होणारी झडप), सगळं त्या रूफटॉप युनिटमध्येच. १९९२ च्या ऊर्जा कायद्याने त्याला किमान कार्यक्षमतेची अट घातली: साधारण साडेपाच ते सव्वाअकरा टनांच्या युनिटला ईईआर (कार्यक्षमतेचं माप) ८.९, म्हणजे दर वॅटमागे तासाला ८.९ बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता बाहेर. २००५ च्या कायद्याने ही अट २०१० पासून ११.२ वर नेली (इलेक्ट्रिक हीटिंग असलेल्या किंवा हीटिंग नसलेल्या युनिटसाठी). १० टनी युनिटची पूर्ण भाराची (पूर्ण क्षमतेने थंड करतानाची) वीज साडेतेरा किलोवॅटवरून पावणेअकरावर आली.

पण खरी गोम मापातच होती. ईईआर मोजतात ३५ अंश सेल्सिअसला, पूर्ण भारावर, आणि तशी वेळ वर्षातून मोजके तासच येते. त्यामुळे एकाच वेगाचा ब्लोअर आणि चालू-बंद होत राहणारा कॉम्प्रेसर असलेलं युनिटही चाचणीत सहज पास व्हायचं.

२०१५ साली उत्पादक आणि ऊर्जाबचतीच्या संस्था एका टेबलाशी बसल्या. त्यातून जानेवारी २०१६ चा नियम निघाला आणि माप आयईईआर झालं, म्हणजे वेगवेगळ्या भारांवरच्या कार्यक्षमतेची वजन देऊन काढलेली सरासरी. यात पूर्ण भाराला वजन फक्त २ टक्के. ७५ टक्के भाराला, तेही बाहेर साडेसत्तावीस अंश असताना, तब्बल ६१.७ टक्के. याच आकारासाठी २०१८ पासून १२.९ आणि २०२३ पासून १४.८ अशी पातळी ठरली. आता टप्प्याटप्प्याने चालणारे कॉम्प्रेसर आणि वेग बदलणारा ब्लोअर यांचा फायदा आकड्यात दिसू लागला. वेग दोन तृतीयांश केला की पंख्याची वीज तत्त्वतः ३० टक्क्यांवर येते, म्हणून हा बदल मोलाचा.

तरी एक भोक राहिलं होतं. कूलिंग बंद असतानाही ताज्या हवेसाठी ब्लोअर फिरतोच. ती वीज आयईईआरमध्ये धरलीच जात नव्हती. शिवाय डक्टचा (हवा नेणाऱ्या नळांचा) रोधही प्रत्यक्षापेक्षा कमी मानला होता. मे २०२४ च्या नियमात २०२९ पासून लागू होणारं आयव्हीईसी हे कूलिंगबरोबर ताज्या हवेचाही खर्च धरणारं माप आणून दोन्ही हिशेबात घेतले.

छतावरच्या डॅम्परचा बिघाड मात्र कोणत्याच मापात बसत नाही. जोडदांडी सुटली किंवा मोटर जळली की तो कधीकधी उघडाच अडकतो, भर उन्हाळ्यात गरम हवा आत ओढतो, आणि कॉम्प्रेसर चालू असल्याने खाली कुणाला पत्ता लागत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी कंट्रोलरवरून तो पूर्ण उघडून-मिटवून, पाती खरंच हलतात का हे डोळ्यांनी बघावंच लागतं.