वचनाचे आचरण (मराठी ख्रिस्ती परंपरा)

बायबलची शिकवण रविवारच्या उपासनेपुरती न ठेवता घर, शेत, देवघेव आणि पंगत यांत पाळण्याची ख्रिस्ती रीत. मराठी ख्रिस्ती बोलण्यात ‘वचन’ म्हणजे बायबलमधली एखादी ओळ, सारे पवित्र शास्त्र आणि पाळकांचा (मंडळीच्या धर्मगुरूंचा) उपदेशसुद्धा. ‘आज वचन कोणी सांगितलं?’ याचा अर्थ आज उपदेश कोणी केला. बाकीचा महाराष्ट्र वचन देतो आणि मग पाळतो किंवा मोडतो. इथे ते आधी ऐकायचे, वाचायचे, पाठ करायचे असते, पाळण्याची वेळ त्यानंतर येते.

या रीतीचा ग्रंथातला आधार जुन्या आणि नव्या अशा दोन्ही करारांत, म्हणजे बायबलच्या दोन्ही भागांत, आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता शिकवायला सांगितले आहे, शिवाय त्या दाराच्या चौकटीवर लिहायलाही. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा शेवट दोन घरांच्या दाखल्याने होतो : ऐकून तसे वागणाऱ्याचे घर खडकावर, नुसते ऐकणाऱ्याचे वाळूवर. याकोबाच्या पत्रातला माणूस आरशात तोंड पाहतो आणि पाठ फिरताच आपण कसे दिसतो ते विसरतो. चौकटीची आज्ञा कोकणातले बेने इस्राएल (मराठी ज्यू) शब्दशः पाळतात, त्यांच्या दाराला मेझुझा, म्हणजे वचने लिहिलेल्या गुंडाळीची डबी, असते. मराठी ख्रिस्ती घरात ती जागा वचनाच्या पाटीने घेतली आहे. यहोशवाच्या ग्रंथातले ‘मी आणि माझे घराणे’ असे सुरू होणारे वचन दारावर नसेल, तर दिवाणखान्यात कुठेतरी सापडतेच.

घरातली उपासना

वचन मराठी घरात पोचले ते छापील ग्रंथापेक्षा कानाने जास्त. विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला, अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आले. पण ज्यांच्यासाठी हा ग्रंथ होता त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही अडचण दोन शतके आधीच ओळखली होती. त्यांचे ख्रिस्तपुराण (१६१६) ओव्यांत आहे आणि ते मंडळीसमोर मोठ्याने वाचले जाई. नगरकडे कीर्तनाने आणि पुढे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी तेच काम केले. अक्षरओळख नसलेली आजी तेविसावे स्तोत्र न अडखळता म्हणते, ते या परंपरेमुळे. स्तोत्राचा आरंभही नगर जिल्ह्याला सोयीचाच : परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मेंढपाळ कसा असतो हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, माळावर धनगराची मेंढरे दिसतातच. जैतून आणि अंजिराच्या दाखल्यांवर मात्र उपदेशकाला बराच वेळ घालवावा लागला असणार.

घरातली उपासना साधारण अशी असते. संध्याकाळी दिवेलागणीला किंवा जेवणाआधी सगळे खाली चटईवर बसतात. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडून एक गीत होते, टाळ-पेटी असेल तर ठीक, नाहीतर टाळ्या. मग अध्याय. प्रत्येकाने दोन-दोन ओव्या (‘ओवी’ हा शब्द इथे बायबलच्या ओळीलाही चालतो) वाचायच्या, ज्याला वाचता येत नाही त्याने मागून म्हणायच्या. लहान पोराला अवघड नावे आली की हशा होतो, विशेषतः वंशावळीत. शेवटी घरातला मोठा माणूस प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत आजारी शेजारी, परीक्षेला बसलेली पुतणी, न पडलेला पाऊस आणि भाऊबंदकीतला दावा सगळे नावानिशी येते. काही वेळा प्रार्थनेतच बोलणी बसतात : ‘प्रभू, या घरातल्या मोठ्या सुनेला नम्रता दे.’ मोठी सून शेजारीच डोळे मिटून बसलेली असते.

शब्बाथ शाळेत (रविवारच्या बायबलच्या वर्गात) मुले आठवड्याचे वचन पाठ करतात आणि ख्रिस्तजयंतीच्या कार्यक्रमात म्हणून दाखवतात. पाठांतराला मराठी शाळेची आणि हरिपाठाचीही सवय आहे. त्या अर्थाने या रीतीत परके फारसे काही नाही.

भाकर आणि ऋण

प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असे आहे. पाव नाही, पोळी नाही, भाकर. देवाकडे मागायची गोष्ट या एका शब्दामुळे थेट चुलीपाशी येते. दुष्काळी पट्ट्यात ‘रोजची’ आणि ‘आज’ हे शब्दही नुसते तोंडाने म्हणायचे नव्हते. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत ते अगदी खरे होते.

त्याच प्रार्थनेत पुढे ऋण येते. मत्तयाच्या मराठी पाठात ‘अपराध’ नाही, ‘ऋण’ आहे : आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले तसे तू आमची ऋणे सोड. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला आणि मग नगर जिल्ह्यातही शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्या मुलखात ही ओळ रोज म्हणणाऱ्या कुळाला ‘ऋण’ हा शब्द पापाचे रूपक म्हणून ऐकू आला असेल की रोख रकमेचा, हे सांगणे कठीण नाही. आचरणाचा प्रश्नही इथेच सुरू होतो. स्वतःचे देणे सुटावे असे सगळ्यांना वाटते. आपण दिलेले हातउसने सोडायचे की नाही, यावर घराघरांत वाद झालेले आहेत.

समेटाची अट मात्र बऱ्यापैकी पाळली जाते. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, असे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. त्यामुळे प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीच्या) आधीच्या आठवड्यात भांडलेल्या जावा-जावांनी बोलायचे, बांधावरून तुटलेल्या भावांनी हात मिळवायचे, अशी अपेक्षा असते. पाळक दोन्ही घरी जाऊन येतात. कधी समेट होतो. कधी दोघांतला एक त्या रविवारी ‘बरं नाही’ म्हणून घरी राहतो, आणि तेही एका परीने वचनाला मान देणेच.

पंगत

सर्वांत कठीण परीक्षा जातीची होती. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातले वचन प्रत्येक उपदेशकाला पाठ. पण प्रभुभोजनाला सगळ्यांनी एका भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्यातला घोट घ्यायचा म्हटल्यावर ते वचन ओठांपर्यंत येते. नगरकडच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले, थोडे ब्राह्मण व इतर जातींतले. एकमेकांच्या हातचे पाणी न घेणारे लोक एका प्याल्याशी आले.

लक्ष्मीबाई टिळकांची हकिगत याचे जवळून दिसणारे उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये. मधली काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. नवऱ्याकडे परत आल्या तेव्हाही स्वयंपाक आणि पाणी यांचे सोवळे सांभाळूनच. धर्म बदलायच्या आधी त्यांनी जात सोडली. भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे एकदा पटल्यावर कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले आणि ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांच्या नेहमीच्या सरळ, हसऱ्या पद्धतीने आले आहे. मनात ठरले ते पोटाने लगेच मानले असे मात्र त्या दाखवत नाहीत, म्हणून ती हकिगत विश्वसनीय वाटते.

सगळीकडे असे झाले नाही. प्याला एक झाला तरी सोयरिकीत पूर्वीची जात आजही विचारली जाते, कधी उघड, कधी ‘आपल्याकडचे आहेत का?’ अशा आडवळणाने. गावानेही बाप्तिस्म्याने जात बदलल्याचे मानले नाही. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही; म्हणजे गावाच्या लेखी जात कायम आणि सरकारच्या लेखी गेलेली.

केडगाव आणि सातारा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या मुक्ती मिशनमध्ये वचन संस्थेच्या रूपात दिसते. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्याला नेलेले शारदा सदन विधवांच्या शिक्षणासाठी होते. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या आणि त्यांची सोय पुणे जिल्ह्यात केडगावला केली. तिथे शेती, विहिरी, विणकाम आणि छापखाना उभा राहिला. अंध मुलींच्या विभागाला बार्तीमय या शुभवर्तमानातल्या आंधळ्याचे नाव दिले गेले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. पंडितांची मराठी आपल्या मुलींना कळत नाही, हे त्यामागचे कारण. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. छपाईचे खिळे जुळवण्याचे कामही केडगावच्याच बायकांनी केले. दुष्काळातून उपाशी आलेल्या मुलीने पुढे ‘भाकर’ हा शब्द स्वतःच्या बोटांनी जुळवला असेल, ही कल्पना या नोंदीच्या लेखकाला आवरत नाही.

टिळकांची वाट वेगळी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य चालणार होते. मिशनऱ्यांना हे अवघड गेले. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. त्यांचे अभंग मात्र घराघरांतल्या उपासनेत राहिले.

हंगामाचा सण

पहिले पीक देवाला, ही जुन्या करारातली आज्ञा नगर, जालना, औरंगाबादकडच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मंडळ्यांत हंगामाच्या सणाने पाळली जाते. वेदीपुढे ज्वारी-बाजरीची कणसे, ऊस, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी अशी रास लागते. उपासना संपली की बाहेर मांडवात लिलाव. एरवी बाजारात भावासाठी घासाघीस करणारा माणूस इथे दुधी भोपळ्याला पाचशे रुपये बोलतो, पैसे मोजतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो. तो पुन्हा विकला जातो. एकच भोपळा चार-चारदा विकला गेला तर मुलांना फार आनंद होतो. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, या वचनाशी लाउडस्पीकरवरून नाव पुकारणे कसे जुळते, असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी काढतो. खजिनदार हसतात आणि पुढची बोली घेतात.

वसई

वसईच्या कॅथलिक समाजात क्रम उलटा होता : आधी घरातली भक्ती, मग बायबल. पोर्तुगीज अमलापासून (१५३४–१७३९) रुजलेल्या या समाजात संध्याकाळची घरगुती भक्ती म्हणजे रोजरी (जपमाळेची प्रार्थना). बायबल हातात घेऊन घरी वाचण्याची सवय बरीच नंतरची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लोकांच्या भाषेत आणल्यावर ती पसरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे त्या वाटेवरचे मोठे काम. पण वसईत त्यांची ओळख भाषांतरकारापेक्षा आंदोलकाची जास्त. हरित वसई संरक्षण समितीतून त्यांनी बागायती, विहिरींचे पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी बिल्डर आणि टँकरवाल्यांशी लढा दिला. पृथ्वी आणि तिच्यातले सारे परमेश्वराचे, हे स्तोत्रातले वाक्य केळीच्या बागेच्या मोजणीपर्यंत नेले की त्याला किती शत्रू मिळतात, हे त्या काळात दिसले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजचे रूप

आता वचन सकाळी सहाला फोनवर येते, बहुधा फुलांच्या चित्रावर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये रोजची उपासना आठवड्यावर आली आहे, नातवंडे अध्याय इंग्रजीत वाचतात आणि आजी मराठीत प्रार्थना करते. उपासनेला लोक फोनमधले बायबल उघडतात. छापील प्रत तरीही घरात असते, कारण जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या कोऱ्या पानावर घरातल्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू लिहिलेले असतात, आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरापासून सुनेच्या बॉलपेनपर्यंत. नवे मूल झाले की ते पान अजून उघडले जाते.