अग्निवीर भरतीचा अर्ज भरण्याआधी: करार, पात्रता आणि कागदपत्रं

साधा जवान म्हणून भूदलात जायचं, तर सध्या अग्निपथ योजनेतूनच जावं लागतं, आणि तिच्यातून घेतलेल्या जवानाला अग्निवीर म्हणतात. पहाटे उठून पळायला सुरुवात करण्याआधी ही नोकरी नेमकी किती दिवसांची आणि कशाच्या बदल्यात आहे, हे घरच्यांसोबत बसून वाचून घ्या. गावातले पेन्शनवाले काका जे सांगतात ते त्यांच्या काळापुरतं खरं होतं.

योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. सेवा चार वर्षांची. त्यानंतर त्या बॅचमधल्या जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम केलं जातं, बाकीचे घरी परततात. पगार पहिल्या वर्षी महिना 30,000, मग 33,000, 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000. यातले 30 टक्के सेवानिधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या बचतीत, जातात आणि तेवढीच रक्कम सरकार घालतं. म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21,000 येतात. घरावर कर्ज असेल तर हिशेब 30 हजारांवर मांडू नका, 21 वर मांडा. शेवटी सेवानिधीचे सुमारे 10.04 लाख आणि त्यावरचं व्याज मिळतं, त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. विमा 48 लाखांचा असतो, त्याचा हप्ता पगारातून कापत नाहीत. वर्षाला 30 दिवस सुट्टी. मध्येच मनाने नोकरी सोडता येत नाही आणि या चार वर्षांत लग्न करता येत नाही. ही शेवटची अट घरच्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी.

वय कमीत कमी साडेसतरा वर्षं. वरची मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, कारण ती बदलते. 2022 मध्ये एकदाच म्हणून ती 21 वरून 23 केली होती. उमेदवार अविवाहित हवा आणि अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतिपत्र लागतं.

पद निवडताना मार्कशीट समोर ठेवा. जनरल ड्युटी म्हणजे साध्या सैनिकाच्या पदासाठी दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 हवेत. टेक्निकलला बारावी विज्ञान लागते, भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजीसह. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे. क्लार्कसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते असं ऐकून आर्ट्सची मुलं अर्ज भरतात आणि तिथेच फसतात. एकूण 60 टक्के आणि प्रत्येक विषयात 50 तर हवेतच, शिवाय बारावीला इंग्रजी आणि गणित किंवा बुक-कीपिंग हे विषय असावे लागतात. ट्रेड्समनची (साफसफाई, मेस अशा कामांची) काही पदं आठवी पासवरही आहेत. मुलींसाठी मिलिटरी पोलिसमध्ये भरती होते.

उंची महाराष्ट्रातल्या मुलांना जनरल ड्युटीसाठी 168 सेंटिमीटर, क्लार्कसाठी 162. छाती 77 आणि फुगवून 5 जास्त. सैनिक किंवा माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत 2 सेंटिमीटरची सूट मिळते.

अर्ज फक्त 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर. आपला जिल्हा कोणत्या भरती कार्यालयाखाली येतो (मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर की नागपूर) ते त्या कार्यालयाच्या जाहिरातीत दिलेलं असतं. अधिवास जिथला, तिथूनच अर्ज करायचा. मित्र दुसऱ्या जिल्ह्यात पळतो म्हणून तिकडून नाही.

2023 पासून क्रम उलटा झाला आहे: आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी. जनरल ड्युटीला एका तासात 50 प्रश्न, 100 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. 2025 पासून पेपर मराठीतही देता येतो. ग्राउंडला 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलं तर पूर्ण 60 गुण, दहा पुल-अप्सला 40. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) यांना गुण नाहीत, पण ते पार करावेच लागतात.

आता कागद. आपल्याकडे बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आईचं नाव वेगळं. आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. क्रमाचं एक वेळ समजू शकतं, पण 'दत्तात्रय' एका ठिकाणी आणि 'दत्तात्रेय' दुसऱ्या ठिकाणी, किंवा जन्मतारखेत फरक, हे अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. दहावीचा दाखला प्रमाण मानायचा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्यायचं. तहसीलचा अधिवास दाखला आणि जातीचा दाखला मिळायला वेळ लागतो, ते आधी काढा. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मात्र फार आधी काढू नका, हे दोन्ही सहा महिन्यांच्या आतले लागतात. फोटोही ताजे हवेत. प्रतिज्ञापत्र जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच करा, झेरॉक्सवाल्याकडचा तयार मजकूर चालत नाही. एनसीसी, खेळ किंवा सैनिकाचा मुलगा असल्याचं प्रमाणपत्र असेल तर बोनस गुण मिळतात, पण मूळ प्रत दाखवली तरच.

टॅटूचं कुणी वेळेवर सांगत नाही. दंडावर राजमुद्रा किंवा छातीवर आईचं नाव गोंदवलं असेल तर अडचण आहे. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच टॅटू चालतो. आदिवासी समाजाच्या रूढीप्रमाणे गोंदलेलं असेल तर वेगळी सवलत आहे.

मेडिकलला कानातला मळ, चिकटणारे गुडघे, सपाट तळवे आणि रंगांधळेपणा यावर मुलं बाहेर पडतात. कान आणि डोळे आधीच तपासून घ्या. अनफिट ठरवलं तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. त्याची मुदत कागदावर लिहून मिळते आणि ती फार थोडी असते.

अर्जाचं शुल्क 250 रुपये, ते संकेतस्थळावरच भरायचं. 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्याला पैसे तर नकोच, मूळ मार्कशीटही हातात देऊ नका. असे लोक ती अडवून ठेवतात आणि ग्राउंडवर तर तुम्हाला तीच दाखवावी लागते.