एक ग्रॅम साखर, हजार टँकर

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, चिकोडीकडे हाड मोडलं की आजही आधी हाडवैद्याचं नाव निघतं. तेल चोळल्याने हाड लवकर जुळतं याला आधार नाही. उलट मोडलेली टोकं सरकतात. शिकलेल्यांचा गैरसमज वेगळा: ‘हाड वाढवणारं प्रथिन’ रक्तात मोजलं की हाड कधी जुळेल ते कळतं. तेही कळत नाही, त्यासाठी एक्स-रेच लागतो. हे मोजमाप संशोधनासाठी होतं, आणि ते फार नाजूक आहे.

१९६५ साली अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने कॅल्शियम काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत बसवलं, तर तिथे नवं हाड तयार झालं. ते घडवणाऱ्या प्रथिनांना पुढे बीएमपी नाव मिळालं. त्यांतलं बीएमपी-२ घेऊ. समजा, ते एका मिलिलिटरमध्ये १०० पिकोग्रॅम आहे (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). हे म्हणजे दहा हजार लिटर पाण्याच्या हजार टँकरांत मिळून एक ग्रॅम साखर!

एवढंसं शोधायला एलायझा ही चाचणी वापरतात: प्रथिन पकडायचं आणि रंगाच्या गडदपणावरून मोजायचं. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच धरणारे रेणू, चिकटवलेले असतात. १०० मायक्रोलिटर नमुना घातला की ते बीएमपी पकडतात. धुवून दुसरा प्रतिपिंड घालायचा, तो त्याच प्रथिनाला दुसऱ्या बाजूने धरतो. त्याला जोडलेलं एन्झाइम टीएमबी नावाच्या रंगहीन द्रव्याला निळं करतं. गंधकाम्लाने ते पिवळं होतं आणि ४५० नॅनोमीटरवर वाचता येतं. धुणं अर्धवट राहिलं, तर नमुना न घातलेला कोरा खळगाही रंगतो.

खरी अडचण अशी, की बीएमपी-२ रक्तात नेहमी मोकळं असतंच असं नाही. नॉगिन नावाचं प्रथिन त्याला दोन्ही बाजूंनी कवटाळतं. प्रतिपिंडाची पकडायची जागाच झाकली, तर प्रथिन असूनही दिसत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनलाही ते चिकटतं, म्हणून हेपॅरिन असलेली हिरव्या झाकणाची नळी टाळावी.

प्रथिन असं लपतंय का हे तपासायला एकाच सीरमचे (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचे) दोन भाग करतात. एकात मिलिलिटरला ५०० पिकोग्रॅम बीएमपी वाढेल इतकं घालतात, दुसऱ्यात तेवढंच बीएमपी नसलेलं द्रावण (बफर). फरक ४५० आला तर ९० टक्के परत मिळालं, ठीक. ३०० आला तर ६० टक्के. त्या आकड्यावर विसंबू नये. ८० ते १२० टक्के चालतात. मग सीरम दुप्पट, चौपट पातळ करायचं. गुणाकाराने उत्तर तेच यायला हवं. पातळ केल्यावर वाढत गेलं, तर सीरममधलं काहीतरी आड येतंय.

उलटही घडतं. संधिवाताच्या रुग्णांतला रुमॅटॉइड फॅक्टर (प्रतिपिंडांनाच चिकटणारा प्रतिपिंड) दोन्ही प्रतिपिंडांना आपसातच जोडतो आणि बीएमपी नसताना रंग येतो. अशा नमुन्यात उंदराचा साधा आयजीजी (एक प्रकारचा प्रतिपिंड) आधीच मिसळावा, म्हणजे तो फॅक्टर त्यातच गुंततो.

अथणीहून मे महिन्यात नमुने बेळगावला पाठवायचे, तर सीरम तिथेच वेगळं करून, छोट्या नळ्यांत गोठवून, कोरड्या बर्फात पाठवावं. वितळलेलं पुन्हा गोठवू नये. सीरम लालसर दिसलं तर बाजूला ठेवावं: हिमोग्लोबिनही टीएमबी रंगवू शकतं. प्लेट फ्रिजमधून काढून थेट वापरली, तर कडेचे खळगे आधी तापतात आणि मधल्यांपेक्षा गडद होतात.