तिफणीवरून ट्रायलला आलेला मुलगा

जूनचा शेवटचा आठवडा होता. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी दोन दिवसांची उघाड मिळाली होती आणि शाळेमागच्या मैदानावर सकाळी साडेसहाला ३४ पोरं रांगेत उभी होती. नव्या हंगामासाठी गावच्या फुटबॉल क्लबला त्यांतून २२ जणांची यादी करायची होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो. क्लबच्या प्रशिक्षकांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणतं. त्यांनी मला स्टॉपवॉच, मोबाइल आणि वही घेऊन बोलावलं होतं.

गेल्या वर्षी विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, संघातला सगळ्यात वेगवान म्हणून ओळखला जाणारा मुलगा ३० मीटरला ४.९ सेकंद घेऊन आला. गेल्या हंगामात तो साडेचारच्या आसपास पळायचा. सरांनी नावापुढे पेन्सिलीने फुली मारली. "उन्हाळ्यात बसून राहिला वाटतं," ते म्हणाले. मी मुलाला बाजूला घेतलं. "सर, चार दिस झाले पेरणीच चालू हाय," तो म्हणाला. "आजबी पहाटपासून तिफणीमागंच व्हतो."

वाफसा आला की पेरणी थांबत नाही, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पण ती गोष्ट आमच्या वहीत कुठेच नव्हती. वहीत होता फक्त ४.९ हा आकडा. खेळाडूचा म्हणून जो आकडा आपण लिहितो, त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: खेळाडू, त्याचा तो दिवस आणि आपलं मोजण्याचं साधन. त्या वेगळ्या केल्याशिवाय यादी केली, तर चांगला मुलगा बाहेर राहतो.

आधी साधन. शिट्टी वाजते, बोट बटणावर पडतं, या दोन्हींमध्ये साधारण ०.२ सेकंद जातात. शेवटच्या रेषेवर मात्र मुलगा येताना आपल्याला दिसत असतो, त्यामुळे बोट जवळजवळ वेळेवर पडतं. म्हणूनच हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. अॅथलेटिक्समध्ये १०० मीटरची हातघड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात. शिवाय बोट दर वेळी सारखं पडत नाही. म्हणून ४.५ आणि ४.६ यांच्यातला फरक पाहून एकाला घेणं आणि दुसऱ्याला घरी पाठवणं म्हणजे आपल्याच बोटाची परीक्षा घेणं आहे. ०.४ चा फरक मात्र बोटाचा नव्हता. त्या मुलात खरोखर काहीतरी बदललं होतं.

खात्रीसाठी त्याला जागेवरून उंच उडी मारायला लावली. उडीची उंची मोजायला भिंतीवर खडू लावायची गरज नाही. पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ मिळाला की पुरतं, कारण वर जाणाऱ्या वस्तूला गुरुत्वाकर्षण एकाच नेमाने खाली आणतं. हवेतल्या वेळेचा वर्ग करायचा, त्याला ९.८१ ने गुणायचं आणि ८ ने भागायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. अर्धा सेकंद हवेत राहिलेला मुलगा सुमारे ३१ सेंटीमीटर उडालेला असतो.

हा वेळ मोजायला मोबाइलचा स्लो मोशन उत्तम. बऱ्याच मोबाइलमध्ये त्यात सेकंदाला २४० चित्रं मिळतात. एका चित्राची गफलत झाली तर उंचीत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक पडतो. तीच उडी सेकंदाला ३० चित्रांच्या साध्या व्हिडिओत मोजली, तर एका चित्राने चार सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, म्हणजे मोजमाप फुकट. एक काळजी घ्यावी लागते. उतरताना गुडघे पोटाशी घेतले की पाय उशिरा टेकतात आणि उंची फुगते. पोरांना हे दोन उड्यांत कळतं. सरळ पायांनी उतरायला सांगून तीन उड्या घ्यायच्या आणि मधला आकडा लिहायचा.

त्या सकाळी आमच्या विंगरचे पाय ११३ चित्रं हवेत होते. उडी २७ सेंटीमीटर.

थकव्याचं मोजमाप ऐकायला अवघड वाटतं, पण त्याची एक भरवशाची पद्धत बिनपैशाची आहे. अमेरिकन संशोधक कार्ल फोस्टर यांनी ती रूढ केली. सराव संपल्यावर थोड्या वेळाने खेळाडूला विचारायचं, "शून्य ते दहामध्ये आज किती जड गेलं?" त्याने सांगितलेल्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटांचा सराव सहाइतका जड गेला तर भार ५४०. मोठमोठे क्लब अंगावर जीपीएसचं यंत्र बांधूनही हा प्रश्न विचारतात, कारण आतून काय वाटतंय ते यंत्राला कळत नाही.

मी त्या मुलाला पेरणीबद्दल हाच प्रश्न विचारला. पाच तास ओल्या रानात, चाड्यावर मूठ धरून चालणं. तो म्हणाला, "पाच म्हणा." ३०० मिनिटं गुणिले ५, म्हणजे १५००. आमच्या जवळपास तीन सरावांचा भार त्याने एका दिवसात उचलला होता आणि असे चार दिवस झाले होते. ही पद्धत खेळाच्या सरावासाठी बेतलेली आहे. शेतकामाचा आकडा तिच्यात जसाच्या तसा बसतो असं मी म्हणणार नाही. पण हा भार वहीत शून्य म्हणून लिहिणं ही त्याहून फार मोठी चूक होती.

शरीरात काय होतं ते सांगतो. पळण्यासाठी लागणारं इंधन स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाच्या साखरेच्या रूपात साठवलेलं असतं. लांबलेल्या कामाने हा साठा उतरतो आणि पोटभर भाकरी-भात मिळाला तरी तो भरून यायला साधारण एक दिवस लागतो. रोज पहाटे पुन्हा काम असेल तर भरणं अर्धवटच राहतं. त्यात ओल्या रानातून पाय उपसत चालण्याची सवय वर्षभर नसते. सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचा ठणका एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. अशा पायांनी कुणीही वेगवान धावू शकत नाही.

याच्या अगदी उलट अवस्था लातूरला क्लासला राहून आलेल्या दोन पोरांची होती. दोघं टवटवीत दिसत होते, पहिल्या दोन धावांत त्यांची वेळही छान आली. पण दोन महिने त्यांनी पळणं सोडलं होतं. सराव थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव कमी होऊ लागतो, हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, आणि तीन-चार आठवड्यांत दम टिकवण्याची ताकद मोजता येण्याइतकी खाली येते. झपाट्याने पळण्याची ताकद मात्र त्या मानाने टिकून राहते. म्हणून एका धावेत हे दिसत नाही. त्यासाठी यो-यो चाचणी लागते: २० मीटर जायचं, २० मीटर परत यायचं, १० सेकंद विसावा, आणि बीपच्या तालावर वेग वाढत जातो. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी ती फुटबॉलसारख्या थांबून-थांबून पळायच्या खेळासाठीच बसवली. आम्ही ती आठवडाभर पुढे ढकलली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वळताना पाय घसरतो, आणि मग आपण दमाऐवजी मैदानच मोजत बसतो.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे. शालेय स्पर्धांत १ जानेवारीची तारीख धरून गट पाडतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघं एकाच गटात येतात, आणि चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे फार. कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं: वरच्या पातळीवर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा होता. नंतर फुटबॉलमध्येही हेच आढळलं. मोठी दिसणारी मुलं आधी निवडली जातात, त्यांना जास्त सराव मिळतो आणि अंतर वाढत जातं.

आमच्याकडे ही तपासणी करायला बसलो तर यादीत १ जून ही तारीखच पुन्हा पुन्हा. जुन्या काळी शाळेत घालताना गुरुजींनी जून टाकायचा, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीत घरोघरी झालं. काही घरांत अजूनही होतं. तेव्हा कागदावर विसंबण्यापेक्षा वाढ मोजलेली बरी. मुलग्यांची उंची सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत. पण कुणाची ही उसळी बाराव्यालाच येते, कुणाची सोळाव्याला. क्लबच्या खोलीत दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी खूण केली की कोण कुठे आहे ते दिसतं. त्या उसळीत असलेला मुलगा काही महिने स्वतःच्या पायांत अडखळतो, चेंडू आधीसारखा पायाला चिकटत नाही, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. त्याच काळात त्याला 'खेळ विसरला' म्हणून काढतात. मला याचा फार त्रास होतो, कारण तो मुलगा परत येत नाही.

गोलांबद्दल थोडक्यात. फुटबॉलमध्ये दहा फटक्यांतून साधारण एक गोल होतो. समजा दोन फॉरवर्ड अगदी सारख्या दर्जाचे आहेत आणि हंगामात दोघांनी ३०-३० फटके मारले. गणित सांगतं की अशा खेळाडूचे शंभरातून अठरा वेळा एक किंवा शून्य गोल होतील आणि सात वेळा सहा किंवा त्याहून जास्त. म्हणजे एक गावाचा हिरो आणि दुसरा राखीव, तेही निव्वळ योगायोगाने. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं की टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा सरासरीकडे सरकतो. गेल्या हंगामात गोलांचा पाऊस पाडणाऱ्याचे गोल यंदा घटले, तर तो बिघडला असं लगेच समजू नये. गोलांऐवजी त्याने किती फटके मारले आणि ते गोलच्या किती जवळून, हे लिहून ठेवलं तर जास्त कळतं.

बावीसच जण कशाला, अकरा पक्के आणि चार राखीव पुरेत, असं क्लबच्या बैठकीत दरवर्षी कुणीतरी म्हणतं. प्रत्येक खेळाडू सामन्याच्या दिवशी हजर आणि धडधाकट असण्याची शक्यता ९० टक्के धरू. हा चांगला आकडा झाला; ताप, परीक्षा, घरचं लग्न, पोळा, महालक्ष्म्या सगळं त्यात आलं. तरी अकराही पक्के खेळाडू एकाच दिवशी मिळण्याची शक्यता ०.९ चा अकरा वेळा गुणाकार, म्हणजे फक्त ३१ टक्के. दर तीन सामन्यांपैकी दोन आपल्याला राखीव खेळाडू घेऊनच खेळायचे आहेत. संघ जोखताना बाराव्यापासून सोळाव्यापर्यंतचे खेळाडू कसे आहेत हे मी आधी बघतो. आणि ९० चा आकडा घसरू नये म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूची काळजी घेतो. एकाने घोटे धरायचे, दुसऱ्याने गुडघ्यांवर उभं राहून अंग ताठ ठेवत सावकाश पुढे झुकायचं. या नॉर्डिक व्यायामाने या स्नायूच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात.

नऊ दिवसांनी पेरण्या उरकल्या. त्याच मैदानावर, त्याच वेळी, त्याच बुटांत आमचा विंगर पुन्हा पळाला. तीन धावांचा मधला आकडा ४.५. उडीत पाय १२४ चित्रं हवेत, म्हणजे ३३ सेंटीमीटर. सरांनी काही न बोलता फुली खोडली आणि वहीत त्याच्या नावापुढे नवा रकाना आखला: 'शेतातलं काम, तास'. आता तो रकाना सगळ्यांच्या नावापुढे आहे.

यादीत एक जागा अजून रिकामी आहे. गोली, म्हणजे गोलरक्षक, एकच आहे, आणि एक गोली ९० टक्के हजर असला तरी दहातला एक सामना आपण उघड्या जाळ्यानिशी खेळणार. शेजारच्या वाडीवरचा एक कबड्डीपटू सरांच्या नजरेत आहे. काल त्याच्या उघड्या बोटांमध्ये शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी धरून न सांगता सोडली. त्याने ती १६ सेंटीमीटरवर पकडली, म्हणजे ०.१८ सेकंदात. हात चपळ आहेत. पण चेंडू कुठे येणार हे फटका मारणाऱ्याच्या पायावरून ओळखणं वेगळं, आणि ते पट्टीवर दिसत नाही. रविवारी त्याला जाळ्यापुढे उभं करून वेगवेगळ्या पोरांकडून ४० फटके मारायचे ठरलंय.